डायनोवर गाडीची हॉर्सपॉवर कमी येतेय? इंजिन उघडायच्या आधी हे बघा

मी चिपळूणजवळ गॅरेज चालवतो. मुंबई-पुण्याहून गावी आणून ठेवलेल्या मोठ्या इंजिनाच्या, मॉडिफाय केलेल्या गाड्या माझ्याकडे येतात. कधी एखादी व्ही८ मस्टँग जीटी, पण जास्त करून जुन्या कॉन्टेसा, ज्यांना आपल्याकडे लोक प्रेमानं भारताची मसल कार म्हणतात. आणि दर मे महिन्यात आणि गणपतीनंतर एकच तक्रार घेऊन माणसं येतात: खर्च करून फिल्टर, एक्झॉस्ट, ट्यूनिंग सगळं केलं, घाटावर जाऊन डायनोवर (चाकं रोलरवर फिरवून पॉवर मोजणारं मशीन) चढवली, आणि आकडा बघून तोंड उतरलं. कुडाळचे एक काका प्रिंटआउट माझ्या हातात देऊन म्हणाले, "भाऊ, गाडी बरी पळता, मगे आकडो इतको कमी कित्याक इलो?"

हे इतक्या वेळा झालंय की आता माझा शोधायचा क्रम ठरून गेलाय. सुरुवातीला मला हा क्रम माहीत नव्हता. एका गाडीचं मी हेड उघडलं, व्हॉल्व्ह घासले, गॅस्केट नवीन टाकलं, गाडी परत घाटावर नेली तर आकडा तोच, आणि कारण निघालं ॲक्सिलरेटरखाली दुमडलेली मॅट. गाडीमालकाचे ते पैसे आणि दोन आठवडे मला अजून टोचतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी लक्षणं. तुमचं कुठलं आहे ते ओळखा, कारण प्रत्येकाचा रस्ता वेगळा.

- आकडा अपेक्षेपेक्षा १५-२० टक्के कमी, पण ग्राफ एकदम गुळगुळीत. बहुतेक वेळा गाडीत काहीच बिघाड नसतो.
- पहिला रन चांगला, दुसरा कमी, तिसरा अजून कमी. उष्णता.
- ग्राफ वरच्या आरपीएमला करवतीसारखा दातेरी. स्पार्क, नाहीतर टायर घसरतोय.
- एका ठराविक आरपीएमनंतर पॉवर एकदम पडते. पेट्रोल कमी पडतंय, क्लच सुटतोय, किंवा गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच पॉवर कापतोय.
- मागच्या वर्षीपेक्षा ६-८ टक्के फरक, बाकी सगळं तेच. हवा किंवा करेक्शन (हवेप्रमाणे आकड्यात केलेली दुरुस्ती).
- गाडी वर्षातले दहा महिने पडवीत उभी होती आणि आता आकडा कमी. पेट्रोल, उंदीर, अर्थिंग, याच क्रमानं.

कागद वाचा, पाना नंतर

फुकटची तपासणी ही, आणि निम्म्या तक्रारी इथंच संपतात. प्रिंटआउटवर तीन गोष्टी शोधा: आकडा चाकावरचा आहे की इंजिनचा, युनिट पीएस आहे की बीएचपी (दोन्ही हॉर्सपॉवरचीच मापं, जरा वेगळी), आणि करेक्शन कुठलं लावलंय.

कंपनी जो आकडा सांगते तो इंजिनच्या फ्लायव्हीलवरचा. चेसिस डायनो मोजतो चाकावर, मधे गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, डिफ्रेन्शल, टायर हे सगळे आपला वाटा खातात. मागच्या चाकावर चालणाऱ्या मॅन्युअल गाडीला ढोबळमानानं १५ टक्के धरतात, ऑटोमॅटिकला थोडं जास्त. हा काही निसर्गाचा नियम नाही, गाडीप्रमाणे बदलतो, पण अंदाजाला चालतो.

आता इसुझू इंजिनच्या १.८ कॉन्टेसाचं उदाहरण घ्या, कंपनीचा आकडा ८८ बीएचपी. १५ टक्के वजा केले की चाकावर ७५ राहिले. ही गाडी मे महिन्याच्या दुपारी पुण्यात डायनोवर चढवली आणि करेक्शन बंद ठेवलं तर कागदावर ६८ च्या आसपास येतील. मालकाला वाटतं २० घोडे पळाले, प्रत्यक्षात एकही पळालेला नाही, इंजिन कारखान्यातून निघालं तसं धडधाकट आहे. काकांच्या गाडीचं अगदी हेच होतं, आणि त्यांना दुसऱ्या कुणीतरी बोअरिंग करायला सांगितलं होतं.

हे ७५ चे ६८ कसे होतात ते समजून घ्या, कारण कोकणातल्या माणसाला हे दरवेळी नडतं. आपण समुद्राच्या पातळीवर राहतो आणि डायनोसाठी घाट चढून वर जातो. पुणे, कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटरच्या वर. दर ३०० मीटरला विनाटर्बो इंजिनची पॉवर ढोबळ ३ टक्के कमी होते. त्यात उन्हाळ्याची गरम हवा, म्हणजे अजून पातळ. डायनोचं सॉफ्टवेअर हवेचा दाब, तापमान, आर्द्रता घेऊन आकडा एका ठराविक हवेवर आणून ठेवतं, त्याला करेक्शन म्हणतात. एसएई या अमेरिकन इंजिनिअरांच्या संस्थेच्या जे१३४९ नियमाची ठराविक हवा म्हणजे २५ अंश आणि कोरड्या हवेचा दाब ९९० हेक्टोपास्कल. मी त्याच सूत्रानं हिशोब केला तर पुण्यात ३८ अंशाला करेक्शन साधारण १० टक्के येतं आणि आपल्या किनाऱ्यावर ३३ अंशाला ४ टक्के. म्हणजे तीच गाडी, तोच महिना, आणि बिनकरेक्शनच्या आकड्यात ६ टक्क्यांचा फरक नुसत्या हवेचा.

बरं, किनाऱ्यावर दाब जास्त असूनही ४ टक्के का लागतात? दमटपणामुळे. ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर हवेच्या दाबातले जवळजवळ ३८ हेक्टोपास्कल नुसत्या वाफेचे असतात. वाफ जळत नाही, ती सिलिंडरमधली जागा अडवते. आपल्याला मे महिन्यात जसं घुसमटायला होतं तसंच इंजिनलाही होतं.

अजून एक फसवी गोष्ट. काही ठिकाणी एसएईऐवजी एसटीडी करेक्शन लावतात, ते थंड आणि दाट हवा धरून चालतं, म्हणून आकडा साधारण ४ टक्के मोठा येतो. गेल्या वर्षी एसटीडीवर ३४० आले आणि यंदा एसएईवर ३२७ आले तर गाडी अगदी तशीच आहे. युनिटचंही तेच, भारतात आलेली मस्टँग जीटी ४०१ पीएसची, तीच बीएचपीत ३९५. आणि टर्बो गाडी असेल तर उलट काळजी घ्या, टर्बो उंचीवरची तूट बरीचशी स्वतःच भरून काढतो, त्यावर परत पूर्ण करेक्शन लावलं की आकडा फुगतो. मग तीच गाडी पुढच्या वेळी मुंबईत मोजली की "कमी" वाटते.

जुन्या अमेरिकन गाड्यांच्या आकड्यांशी तुलना करणारेही भेटतात. १९७२ च्या आधी अमेरिकन कंपन्या ग्रॉस हॉर्सपॉवर छापायच्या, म्हणजे इंजिन गाडीबाहेर, स्टँडवर, फिल्टर नाही, गाडीचा एक्झॉस्ट नाही. ४२६ हेमीचे प्रसिद्ध ४२५ हॉर्सपॉवर हे ग्रॉस. आजच्या चाकावरच्या आकड्याशी त्याची तुलना करूच नका.

ग्राफ बघताना एक गैरसमज काढून टाका. टॉर्क पाउंड-फूटमध्ये आणि पॉवर हॉर्सपॉवरमध्ये असेल तर दोन्ही रेषा ५२५२ आरपीएमला छेदतात, आणि त्या छेदल्या म्हणजे मोजमाप बरोबर असं लोक सांगतात. तसं नाहीये. डायनो रोलरवरून पॉवर काढतो आणि तिला आरपीएमनं भागून टॉर्क काढतो, त्यामुळे आरपीएमचा सिग्नल चुकीचा असला तरी रेषा तिथंच छेदणार. आरपीएम खरा आहे का ते लिमिटरवरून (ठराविक आरपीएमला इंजिन कापणारी सोय) बघा. गाडी ६५०० ला कट होते हे तुम्हाला माहितीये आणि ग्राफ ६१०० ला संपतो, तर आरपीएम वाचणारी पिकअप क्लिप नीट बसलेली नाही. अशा वेळी पॉवरचा आकडा ठीक असतो, टॉर्क मात्र खोटा.

रोलरवर गाडी कशी उभी आहे

टायरची हवा थंड असताना मोजा, कंपनीच्या आकड्याइतकी ठेवा आणि वहीत लिहा. पुढच्या वेळी तेवढीच. कमी हवेचा टायर रोलरवर चेपतो आणि पॉवर उष्णतेत घालवतो. पट्टे जास्त आवळले की हेच होतं, टायर रोलरवर दाबला जातो. सैल ठेवले तर घसरतो. मी गेलो की दोन्ही बाजूचे पट्टे सारखे आहेत का हे बघतो आणि ऑपरेटरला दरवेळी तितकेच आवळायला सांगतो. पावसाळ्यात घाट चढून गेलात तर टायर ओले असतात, ते पुसून कोरडे होऊ द्या. दहा महिने एकाच जागी उभ्या गाडीच्या टायरला सपाट डाग पडतो, रोलरवर गाडी धडधडते आणि ग्राफ दातेरी येतो, लोक मग उगाच कॉइल बदलत बसतात.

गिअर. जुन्या मागच्या चाकाच्या पाच गिअरी गाड्यांमध्ये बहुतेक वेळा चौथा गिअर १:१ असतो, रन त्यात घ्यायचा, कारण त्यात ताकद गिअरबॉक्समधून सरळ जाते. मस्टँगच्या सहा गिअरी ऑटोमॅटिकमध्ये १:१ असा गिअरच नाही, चौथा १.१४ आणि पाचवा ०.८७. बहुतेक जण चौथा वापरतात. कुठलाही वापरा, पण प्रत्येक वेळी तोच, आणि मॅन्युअल मोडमध्ये लॉक करून. डी मध्ये ठेवून पेडल दाबलं की गाडी खालचा गिअर घेते आणि तो रन फुकट.

ट्रॅक्शन कंट्रोल पूर्ण बंद पाहिजे. पुढची चाकं उभी आणि मागची दीडशेच्या स्पीडनं फिरतायत हे बघून गाडीला वाटतं आपण घसरतोय, आणि ती थ्रॉटल कापते. मस्टँगला बटण एकदा टिचकी मारून भागत नाही, काही सेकंद दाबून धरावं लागतं. ठराविक ठिकाणी पॉवर पडतेय अशा नव्या गाड्यांमध्ये मला सगळ्यात जास्त हेच सापडलंय. एसी बंद करायला विसरू नका, घाट चढून घामाघूम होऊन आलेला माणूस एसी चालूच ठेवतो.

उष्णता

कुंभार्ली घाट चढून, कराडवरून पुढे उन्हात तीन-चार तास गाडी चालवून थेट रोलरवर चढवली, तर पहिला रनच आजारी येणार. बॉनेटखालची प्रत्येक वस्तू तापलेली असते. इनटेकची हवा १० अंशानं तापली की तिची घनता साधारण ३ टक्के कमी होते, आणि नव्या गाडीचा कॉम्प्युटर शिवाय स्पार्कचं टायमिंगही मागे घेतो. डायनोचा तापमापक भिंतीवर असतो, त्याला खोलीची हवा कळते, तुमच्या बॉनेटखालची कळत नाही. म्हणून ही तूट करेक्शनमध्ये भरून येत नाही.

तासभर बॉनेट उघडं ठेवून थांबा. पण पाणी आणि गिअरबॉक्स-डिफ्रेन्शलचं ऑइल पार गार करू नका, गार ऑइल घट्ट असतं आणि तेही पॉवर खातं. ओबीडीला (गाडीच्या कॉम्प्युटरचं सॉकेट) रीडर लावून इनटेक टेंपरेचर वाचा आणि प्रत्येक रन साधारण त्याच तापमानाला सुरू करा. समोरचा पंखा रेडिएटरवर आणि इनटेकच्या तोंडावर येतोय का बघा. तीन रन घ्या, तिन्हीत २ टक्क्यांच्या आत फरक असेल तर मोजमापावर विश्वास ठेवा. नसेल तर अजून गाडीबद्दल काही बोलायची वेळच आलेली नाही.

पेडल खरंच पूर्ण जातंय का

माझ्या हेड उघडलेल्या गाडीचा धडा. इंजिन बंद, एकजण आत बसून पेडल तळापर्यंत दाबेल, दुसरा बॉनेटखाली थ्रॉटलची पाती बघेल, ती हवेच्या वाटेला समांतर म्हणजे पूर्ण उघडी झाली पाहिजे. जुन्या गाडीत केबल ताणलेली असते. सगळ्याच गाड्यांत जाड मॅट आडवी येते, कोकणात तर पावसासाठी दोन-दोन मॅट टाकतात. ड्राइव्ह-बाय-वायर (केबलऐवजी इलेक्ट्रॉनिक पेडल) गाडीला रीडरवर पेडलचा आकडा बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

हवेची वाट

आपल्या तांबड्या मातीची धूळ पिठासारखी बारीक. रस्त्याचं काम चालू असलेल्या पट्ट्यातून रोज जाणारी गाडी असेल तर फिल्टर कंपनीनं सांगितलेल्या किलोमीटरच्या खूप आधी भरतो. काढा, उजेडासमोर धरा. आणि एअरबॉक्सच्या आत हात घालून बघा. पडवीत उभ्या असलेल्या गाड्यांमध्ये मला उंदरानं जमवलेला काथ्या, भाताचा पेंढा, कापूस असं सगळं मिळालंय. उंदीर वायरिंगही कुरतडतो, तेव्हा बॉक्स उघडलाय तर सेन्सरच्या वायरीवरून बोट फिरवून घ्या.

तेल लावायचे धुता येणारे फिल्टर मॉडिफाय करणाऱ्यांना आवडतात. तेल जास्त झालं की ते उडून एअरफ्लो सेन्सरच्या बारीक तारेवर बसतं, वर धूळ चिकटते, आणि सेन्सर खरी हवा मोजत नाही. तो साफ करायला त्याचाच स्प्रे मिळतो. कार्बोरेटर क्लीनर मारू नका, बोटानं किंवा कापडानं पुसू नका, तार तुटते.

मस्टँगवाल्यांसाठी एक गोष्ट ठासून सांगतो. काही कोल्ड एअर इनटेक किटमध्ये सेन्सर बसतो तो पाइप कंपनीच्या पाइपपेक्षा मोठ्या व्यासाचा असतो. नवीन ट्यूनिंगशिवाय असं किट लावलं तर कॉम्प्युटरला आत येणारी हवा कमी वाटते आणि तो पेट्रोल कमी सोडतो. पॉवर वाढवायला लावलेल्या किटनं पॉवर घालवलेली मी बघितलीय, आणि त्यात इंजिन लीन चालतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी, हे जास्त धोक्याचं.

पेट्रोल

साध्या पेट्रोलचा ऑक्टेन पूर्वीपासून किमान ९१ धरला जायचा, प्रीमियम ९५ च्या पुढे. हाय कॉम्प्रेशन इंजिन कमी ऑक्टेनवर चालवलं की नॉक सेन्सर (मिश्रण अवेळी पेटतंय हे ओळखणारा) टायमिंग मागे ओढतो आणि पॉवर जाते. आधीच्या रनला कुठलं पेट्रोल होतं आणि आत्ता कुठलं हे बिलावरून जुळवा.

आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल पाणी ओढतं, आणि कोकणात हवेत पाणी किती हे सांगायला नको. मालक मुंबईत, गाडी गावी, टाकी अर्धी, वर चार महिने पाऊस. अशा टाकीतलं पेट्रोल आधी तपासा: पारदर्शक काचेच्या बाटलीत तळातलं थोडं काढा आणि अर्धा तास स्थिर ठेवा, तळाला वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करून साफ करावी लागेल. हे काम घरात करू नका, उघड्यावर, आगीपासून लांब, नसेल जमत तर गॅरेजवाल्याला द्या. जुन्या कॉन्टेसाचे रबरी फ्युएल पाइपही बघा, इथेनॉलनं जुनं रबर फुगतं, आतून सुटतं आणि वरच्या आरपीएमला पेट्रोल कमी पडतं.

कार्बोरेटरवाल्यांनी हा भाग दोनदा वाचा. शुद्ध पेट्रोलला हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ लागतं, ई२० ला साधारण १३.५, म्हणजे जुन्याच जेटवर (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) गाडी लीन चालते. घाटावर हवा पातळ असल्यामुळे कार्बोरेटर उलट थोडं रिच, म्हणजे जास्त पेट्रोलचं मिश्रण देतो. दोन्ही चुका वर गेल्यावर एकमेकींना थोड्या झाकतात आणि डायनोवर मिश्रण बरं दिसतं. आणि वर कुणी अजून दोन घोडे मिळवायला जेट लहान केला, तर तीच गाडी खाली समुद्राच्या पातळीवर आल्यावर दाट हवेत अजून लीन होते. घाटावर जमलेली ट्यूनिंग घेऊन चौथ्या गिअरला फुल लोड दिला की नॉकिंग, आणि पुढं पिस्टनला भोक. घाटावर सेट केलेला जेट किनाऱ्यावर तपासल्याशिवाय जोरात चालवू नका, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हात जोडून सांगतो. वाइडबँड मीटर (एक्झॉस्टवरून मिश्रण मोजणारा) असेल तर लॅम्बडामध्ये (१ म्हणजे नेमकं लागतं तेवढं पेट्रोल, त्याच्या खाली रिच, वर लीन) वाचा म्हणजे पेट्रोल कुठलं याचा गोंधळ होत नाही. विनाटर्बो इंजिनला फुल लोडवर ०.८५ ते ०.८८ च्या आसपास बरं. ०.९५ च्या वर गेलं तर तिथंच पाय काढा.

अर्थिंग

खाऱ्या हवेनं मला सगळ्यात जास्त धंदा इथं दिलाय. इंजिनपासून चेसिसला जाणारी विणलेली अर्थिंग पट्टी बाहेरून धड दिसते, बोल्टच्या खाली हिरवी-पांढरी चुरी साठलेली असते. वरच्या आरपीएमला स्पार्कला आणि फ्युएल पंपाला जास्त करंट लागतो, नेमका तेव्हा तो मिळत नाही. रस्त्यावर चौथ्या गिअरला इतका वेळ फुल लोड कोण देतं, म्हणून तिथं कळत नाही आणि डायनोवर उघडं पडतं. गुहागरच्या समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या एका गाडीला ४५०० च्या वर दातेरी ग्राफ यायचा. प्लग नवे, वायरी नव्या, कॉइल नवी, सगळं करून झालं होतं. पट्टी काढून पॉलिश पेपरनं दोन्ही टोकं घासली, वर ग्रीस लावलं, ग्राफ सरळ.

मोजायची पद्धत सोपी. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला, कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थिंग खराब. मग गाडी चालू ठेवून फ्युएल पंपाच्या कनेक्टरला व्होल्टेज बघा, बॅटरीवर जितकं आहे त्याच्या अगदी जवळ पाहिजे. अर्धा-एक व्होल्ट मधे हरवत असेल तर रिले आणि वायर शोधा.

प्लग, लीक, क्लच

प्लग काढून गॅप मोजा, रंग बघा, सगळे एकसारखे पाहिजेत, एखादाच वेगळा असेल तर तोच सिलिंडर आजारी. इनटेक पाइपचे जोड आणि क्लिपा हातानं हलवून बघा. बारीक गळतीला स्मोक मशीन लागतं, ते असलेल्या गॅरेजमध्ये जा, अर्ध्या तासाचं काम.

क्लचसाठी प्लेट काढायची गरज नाही. डायनोच्या फाइलमध्ये आरपीएम आणि रोलरचा स्पीड दोन्ही असतात. एकाच गिअरमध्ये आरपीएमला स्पीडनं भागा, सुरुवातीला जे उत्तर आलं तेच शेवटी आलं पाहिजे. वर जाताना उत्तर वाढत गेलं तर कुठंतरी घसरतंय, क्लच किंवा टायर. टायरवर खडूनं रिमपासून रेघ ओढा, रननंतर रेघ तुटली तर टायर रिमवर सरकलाय. टायर-रोलरच्या मधे घसरण असेल तर पट्टे आणि हवा नीट करून परत एक रन घ्या, तरी उत्तर वाढत असेल तर क्लच. टॉर्क वाढवलेल्या जुन्या गाड्यांचा मूळ क्लच इथं हात टेकतो. ऑटोमॅटिकला टॉर्क कन्व्हर्टर लॉक होत नसला तरी असंच दिसतं.

इथं थांबा

वरचं सगळं झालं, तीन रन एकमेकांशी जुळतायत, एसएई करेक्शन लावलंय, आणि तरीही अपेक्षित चाकावरच्या आकड्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त कमी, तर आता इंजिनच्या आतलं काहीतरी आहे. कॉम्प्रेशन टेस्ट, लीकडाउन (सिलिंडरमधून हवा किती गळते ती टेस्ट), कॅम टायमिंग, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबणं. ही कामं घरी करू नका. कॉम्प्रेशन गेज कुणीही लावू शकतो, पण दोन सिलिंडरमधला फरक कशाचा हे सांगायला इंजिन बांधणारा माणूस लागतो, आणि व्ही८ चं टायमिंग चुकलं तर व्हॉल्व्ह पिस्टनला धडकू शकतात.

आकडा कितीही बरा असला तरी लगेच रन थांबवायचा अशा वेळा: दगड डब्यात हलवल्यासारखा नॉकचा आवाज, ऑइल प्रेशर खाली येणं, पाण्याचं तापमान चढतच जाणं, पेट्रोलचा वास, निळा किंवा पांढरा धूर, टायरला भेग. चार-पाच वर्षांपेक्षा जुन्या टायरवर, पावसात-उन्हात उभ्या गाडीच्या टायरवर तर मी रनच घेऊ देत नाही. रन चालू असताना गाडीच्या मागे किंवा पट्ट्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, पोराबाळांना काचेच्या पलीकडे ठेवा. आणि डायनोचा खर्च वाचवायला हायवेवर पॉवर मोजायला जाऊ नका. आपल्या हायवेवर गुरं, शाळेची मुलं, वळणाआड उभे डंपर असतात.

आकडा कमी आला म्हणून मोठं इंजिन टाकायचं डोक्यात असेल तर आधी आरटीओत जाऊन विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून वेगळा बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच धरलंय. इंजिन बदलून झाल्यावर कागद अडकलेले लोक माझ्याकडे येतात, तेव्हा माझ्या हातात काही नसतं.

ट्यूनरकडे जाताना नुसता प्रिंटआउटचा फोटो घेऊन जाऊ नका, डायनोवाल्याकडून रनची कच्ची फाइल मागून घ्या. सोबत एका कागदावर तारीख, खोलीचं तापमान, दाब, आर्द्रता, टायरची हवा, कुठला गिअर, कुठलं पेट्रोल, इनटेक टेंपरेचर, आणि वरच्यापैकी काय काय तपासलं ते लिहा. कार्बोरेटरची गाडी असेल तर सध्याच्या जेटचा नंबरही लिहा आणि मूळ जेट डब्यात जपून ठेवा, घाट उतरल्यावर तो परत लागणार आहे.